पंच नंबर पाच

प्रिय बा,

तू गेलास त्याला आता अकरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर तू होतास तेव्हा तरी कुठं लिहिलं? नायगावला नोकरीत होते तेव्हा पत्रं आईच्या नावानं पाठवायची. खाली शेवटी एक ओळ, बाची तब्येत बरी असेल. आईला वाचता येत नव्हतं. ती पत्रं तिला वाचून दाखवणारा तूच होतास, हे मला माहीत होतं, आणि तरी मी तसंच लिहायची.

मागच्या महिन्यात एका सोमवारी मी तुझं अक्षर पाहिलं. कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, गयामावशीच्या मरणाच्या पंचनाम्यावर. त्याची शिक्क्याची नक्कल आता माझ्यासमोर आहे. म्हणून लिहायला बसले. तुला विचारायचं खूप आहे, आणि थोडं भांडायचंही आहे.

तुझ्या पणतीनं, म्हणजे माझ्या नातीनं, हे पत्र वाचलं तर तिला कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते. गयामावशी आपल्या शेजारची. नवरा आधीच वारलेला, एक मुलगी विमल, माझ्याच वयाची. आमच्या दोघींची पाटी एक होती, एका बाजूला ती लिहायची, दुसऱ्या बाजूला मी.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. वस्तीतली सगळी मोठी माणसं ओढ्यापलीकडं पाझर तलावाच्या कामाला जायची. मुरूम खणायचा, घमेल्यानं बांधावर नेऊन टाकायचा. आम्हा पोरांना संध्याकाळी कामावर वाटलेली, पदराच्या गाठीत बांधून आणलेली गोड सुकडी एवढंच त्या कामाचं कळत होतं. मुकादमाला घाई होती. वरून खणत बसू नका, खालून पोखरा, वरचं आपोआप पडतंय, असं त्याचं सांगणं. दोनदा दरड पडली, दोन्ही वेळेला माणसं थोडक्यात वाचली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा गयामावशी घमेलं भरायला कपारीत वाकली होती.

तुम्ही सगळ्यांनी हातांनी उकरून तिला काढलं. तू घरी आलास तेव्हा तुझ्या नखांत तांबडा मुरूम होता. हात न धुता तू दारात बसून राहिलास. आईनं पाण्याचा तांब्या दिला तर तो तू परत रांजणात ओतायला लावलास.

त्या दुपारी पोलीस जमादार आला होता. पंच लागतात म्हणून त्यानं कामावरचीच पाच माणसं उभी केली. चौघांनी अंगठे दिले. पाचव्याला सही येत होती, तो तू.

आठ दिवसांत वस्तीत बातमी आली की कागदावर ‘पाय घसरून पडली’ असं लिहिलंय. मुकादमाचं नाव कुठंच नाही. अख्ख्या कामानं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, आणि चूक निघाली ती गयामावशीच्या पायाची!

अंगठे देणाऱ्यांना कुणी काही बोललं नाही. त्यांना काय वाचता येत होतं? सगळा राग तुझ्यावर आला. ह्याला अक्षर कळत होतं, ह्यानं वाचून सही केली. त्यात तू दुसऱ्या दिवसापासून तलावावर जायचं बंद केलंस आणि लांबच्या खडीकेंद्रावर जायला लागलास. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. म्हणे मुकादमानं तुला सोयीचं काम बघून दिलं. रोज दोन कोस चालून दगड फोडणं कुणाच्या सोयीचं असतं, हे विचारायला मी तेव्हा फार लहान होते. नंतर मोठी झाले, तरी विचारलं नाही.

विहारात दर रविवारी तू वर्तमानपत्र वाचून दाखवायचास. त्या रविवारी किसनकाकानं तुझ्या हातातून ते काढून घेतलं. “राहू दे आता,” एवढंच म्हणाला. तू उठलास आणि मागं जाऊन बसलास. पुढं कितीतरी वर्षं तू मागंच बसलास.

विमलला तिचा मामा लातूरला घेऊन गेला. जाताना ती आपल्या दारावरून गेली. मी हाक मारली. तिनं मान वळवली नाही.

सतरा वर्षांची झाले तेव्हा मी तुला विचारलं होतं. तू अंगणात दोरखंड वळत होतास.

“बा, खरं सांग. सही करायच्या आधी वाचलं होतंस का?”

“वाचलं व्हतं.”

“मग?”

“सही माझीच हाय, सुजे.”

“एवढंच? दुसरं काही सांगायचं नाही?”

“न्हाई.”

तू दोर वळत राहिलास. मी त्याच वर्षी नर्सिंगला नांदेडला गेले, आणि तिथून मनानं कधी परत आले नाही.

एक गोष्ट मात्र आता राहून राहून आठवते. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी सुट्टीवर आले होते. गावात पेढे वाटून झाले होते, सगळे नव्या कचेऱ्यांचं बोलत होते. तू जेवता जेवता मला विचारलंस, “जिल्हा बदलला की जुने कागद कुठं जातेत गं?”

मी म्हणाले, “तुला काय करायचेत कागद?”

तू भाकरी मोडलीस आणि खाली बघून जेवायला लागलास. बा, मला त्या वेळी एवढंही कळू नये?

शोध सुरू झाला तो तुझ्या पणतीच्या जात पडताळणीमुळं. तिच्यासाठी माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे तुझ्या पिढीचा, काहीतरी जुना दाखला हवा होता. लातूरच्या रेकॉर्ड रूममध्ये मी चार चकरा मारल्या. तिथल्या अभिलेखपाल बाई बोलक्या होत्या. त्यांनी सहज एका फळीकडं हात केला. “ह्या बघा, अकस्मात मृत्यूच्या मिसली, जुन्या फायली. विहिरीत पडलेले, वीज पडलेले, साप चावलेले. घरच्यांना वाटतं असले कागद राहत नाहीत. पण काही राहतात.”

मी त्या फळीकडं बघत उभी राहिले. खोटं सांगत नाही, तुला निर्दोष ठरवावं असं माझ्या मनातही नव्हतं. मला ती सही एकदा डोळ्यांनी पाहायची होती. इतकी वर्षं ऐकीव गोष्टीवर रागावले होते, तो राग एकदा कागद बघून करावा असं वाटलं.

मग सात महिने गेले. ठाण्यात सांगितलं, एवढी जुनी रजिस्टरं मुदत संपली की नष्ट करतात. नव्या जिल्ह्यात सांगितलं, हे जिल्हा व्हायच्या आधीचं आहे. जुन्या जिल्ह्याला गेले तर तिथं म्हणाले, तुमच्या तालुक्याचे बस्ते, कागदांचे बांधलेले गठ्ठे, वाटणीत गेले. बसनं जाऊन येऊन माझे गुडघे सुजले. मुलगा म्हणाला, “आई, सोड आता. काय मिळणार आहे?” मी म्हणाले, नकार मिळाला तरी लेखी मिळाला पाहिजे. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई आहे मी, तोंडी उत्तरावर परत फिरत नाही.

शेवटी पुन्हा त्या अभिलेखपाल बाईंकडं गेले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मयत राहायची कुठं ते तुम्ही दहा वेळा सांगितलंत. मेली कुठं?”

“तलावावर.”

“तलाव कुणाच्या हद्दीत?”

आपला ओढा हीच हद्द. गाव अलीकडं, तलाव पलीकडं, नांदेड जिल्ह्यात. पंचनामा प्रेत जिथं पडलं तिथला होतो, आणि त्याची प्रत तिथल्या तालुका दंडाधिकाऱ्याकडं जाते. मी भलत्याच जिल्ह्यांची धूळ झाडत होते, आणि कागद ज्या जिल्ह्यात मी आयुष्य काढलं तिथंच बांधून ठेवलेला होता.

तिथल्या तालुका कचेरीत तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बस्त्यातून दोन पानं निघाली. पिवळी पडलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण शाई शाबूत.

बा, मी नर्स आहे. मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ते पान वाचताना मी एकेका शब्दाखाली बोट धरलं. ‘प्रेत उताणे. अंगावर हिरवे लुगडे. वय अंदाजे तीस. डाव्या हातातील बांगड्या फुटलेल्या. नाकात व तोंडात मुरूम भरलेला. छाती दबलेली. डोक्यास जखम नाही.’ तीस वर्षं! मला ती केवढी मोठी बाई वाटायची. आणि त्याच्याच खाली, ‘पंचांचे मते मयत ही काठावरून चालत असता पाय घसरून खाली पडून मयत झाली.’

काठावरून पडलेल्या माणसाच्या तोंडात मुरूम कसा भरतो? छाती कशी दबते? जमादारानं जे पाहिलं ते वरती लिहिलं आणि जे हवं होतं ते खाली. हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण हा कागद नीट वाचणारं कुणी नव्हतंच.

त्याखाली चार अंगठे, निळे. आणि पंच नंबर पाच. तुझी सही. सहीच्या खाली एक ओळ.

‘मुरूम अंगावर पडला पाय घसरला न्हाई’

मी ती ओळ कुणाची हे विचारलं नाही. तुला अक्षरं मीच शिकवली होती. पहिलीत होते तेव्हा संध्याकाळी तू माझ्या शेजारी बसायचास, माझी पेन्सिल अंगठ्यात धरून. ‘म’ची गाठ तुला कधी जमली नाही, ती तू उलटी काढायचास. त्या ओळीत दोन ‘म’, दोन्ही उलटे.

त्या ओळीवर कुणीतरी आडवी रेघ मारली होती. बाजूला वेगळ्या अक्षरात दोन शब्द, ‘अनावश्यक मजकूर’.

मी तिथंच रडले. अभिलेखागारातला शिपाई पाणी घेऊन आला. पण खरं सांगू? त्या रडण्यात दुःख थोडं होतं, संताप जास्त. अनावश्यक कुणाला?

घरी येऊन पहिल्यांदा आईचं एक बोलणं आठवलं. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली होती की दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर बाचं नाव पुकारलंच नाही, मुकादमानं हातानं हाकललं. मला वाटलं, तापात काहीतरी बोलते. म्हणजे तू तलाव सोडला नव्हतास. तुला काढलं होतं, आणि ते का काढलं हे वस्तीला कळू नये इतका तू गप्प राहिलास.

कागद घेऊन मी लातूरला विमलकडं गेले. तिनं मला ओळखलं, पण दारातच उभं ठेवलं. केस सगळे पांढरे, आईसारखीच उंच.

“काय काम हाय?” ती म्हणाली.

“तुझ्या आईचा पंचनामा सापडला. वाचून दाखवते. मग जा म्हणालीस तर जाईन.”

तिनं बाजूला होऊन आत घेतलं. मी सगळं वाचलं, लुगड्याच्या रंगापासून तुझ्या ओळीपर्यंत. ती भिंतीकडं बघत ऐकत होती.

“हिरवं,” ती म्हणाली. “मला निळं आठवून राहिलं होतं.”

तिनं विचारलं, “मग एवढी वर्षं गप का बसला तो? मामाच्या घरी मी उष्टी काढली. लोक म्हणायचे, हिची आई आंधळ्यावानी चालून मेली. एकदा येऊन सांगितलं असतं तर?”

मी म्हणाले, “मलाही नाही सांगितलं.”

“तू तर त्याची पोरगी.”

“हाव.”

ती पुढं म्हणाली, “ती शेवटची ओळ अजून एकदा वाच.” मी वाचली. तिनं माझ्या हातून कागद घेतला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. “ही रेघ काढता येते का?” तिनं विचारलं. मी म्हणाले, काढायचा प्रयत्न तरी करता येतो.

त्या रविवारी आम्ही दोघी गावी गेलो. वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि विहारात तो कागद वाचला. पुढच्या पिढीतला एकजण म्हणाला, “ताई, पन्नास वर्षं झाली. मेलेल्यांचं आता कशाला?” मी म्हणाले, “चाळीस वर्षं माझा बाप ह्या वस्तीत शेवटी बसत होता, तेव्हा कुणाला ‘कशाला’ असं वाटलं नाही.”

दारापाशी बाजेवर किसनकाका होता. नव्वदीला आलाय, दिसत कमी, ऐकू येतं. त्यानं हात वर केला.

“जय भीम, पोरी. मी हाय अजून. तीन नंबरचा अंगठा माझा.”

सगळे वळून बघायला लागले.

“आम्हा पाचालाच बांधामागं नेलं व्हतं. जमादार म्हणला, सही कर अन् हट. ह्यानं सही केली अन् खाली लिहू लागला. जमादार वरडून राहिला, हा लिहून राहिला. कानाखाली मारली त्यानं. तरी ओळ पुरी केली.”

विमलनं विचारलं, “मग काका, तुम्ही बोलला का नाही?”

“बोललो असतो तर लोकांनी इचारलं असतं, तू अंगठा का दिला. त्याच्याकडं बोट व्हतं तवर माझ्याकडं न्हवतं.” तो थांबला, धाप लागली होती. “एकदा मी त्याला म्हणलं, सांग की लोकाला. तर म्हणला, लिहून काय झालं किसन? बाई कागदावर घसरलीच की.”

म्हणजे हे होतं तर. तुझ्या लिहिण्यानं गयामावशीचं काही भलं झालं नाही, म्हणून ते लिहिणं तू स्वतःसाठीही वापरलं नाहीस. बा, हे तुझं मला पटत नाही. आजही नाही. तू सांगितलं असतंस तर विमलला आई परत मिळाली नसती, पण मैत्रीण राहिली असती, आणि मला बाप. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला अभिमान वाटावा असं विहारात दोघाचौघांनी सुचवलं. मला ओळीचा वाटतो. गप्प बसण्याचा नाही.

आणि माझं काय? मी तुला एकदा विचारलं आणि तू ‘न्हाई’ म्हणालास म्हणून आयुष्यभर पुन्हा विचारलं नाही. तुझ्या शेवटच्या दिवशीही मी ड्युटी बदलून घेतली नाही. संध्याकाळच्या बसनं आले तेव्हा माणसं थांबून होती. तुझं तोंड पाहिलं, पायाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्याबद्दल मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. तू नाहीस, तर माफ कोण करणार? मी फक्त ते लिहून ठेवते.

त्याच दिवशी विहारात विमलनं पिशवीतून कोरा कागद काढला. किसनकाकाची जबानी मी लिहून घेतली, त्याच्या शब्दांत, एकही शब्द सुधारला नाही. पूर्ण वाचून दाखवली. विमल म्हणाली, “काका, आता अंगठा द्या.” त्यानं दिला. ठसा जरा पुसट आलाय, पण आलाय. त्याच्याखाली वस्तीतल्या सव्वीस जणांनी सह्या केल्या. सगळ्या सह्याच, बा. तुझ्या पणतीचीसुद्धा.

अर्जात दोन मागण्या आहेत. गयाबाईच्या मृत्यूच्या नोंदीतलं कारण दुरुस्त करावं, आणि पंच नंबर पाच यांनी लिहिलेली ओळ पंचनाम्याचा भाग समजावी. मागच्या आठवड्यात तो ओढ्यापलीकडच्या त्याच तालुका कचेरीत देऊन आलो. टेबलावरचा माणूस भला होता. अर्ज पूर्ण वाचला, मग म्हणाला, “बाई, जमादार गेला असेल, मुकादम गेला असेल. यातून आता काय होणार?” विमल माझ्याआधी बोलली. “माझी आई चालताना पडली न्हवती. एवढं व्हईल.” त्यानं पोच दिली. तारीख दिली, येत्या बुधवारची.

तेव्हा बा, तुला शब्द देते. बुधवारी आम्ही दोघी सकाळच्या पहिल्या बसनं जाऊ. नाही म्हणाले तर का नाही हे लेखी मागू. वरच्या कचेरीत जा म्हणाले तर वर जाऊ. उद्या या म्हणाले तर उद्या येऊ, परवाही येऊ. माझे गुडघे थकले तर तुझी पणती येईल, तिला मी सगळं सांगून ठेवलंय. विमलनं भाकऱ्या दोन दिवसांच्या बांधायच्या ठरवल्यात. उत्तर हातात पडल्याशिवाय आम्ही कचेरीच्या बाकावरून उठणार नाही.

तुझीच,
सुजे